खड्ड्यांतून वीज : किती खरी आणि किती आपल्या कामाची?



यंदाच्या गट सभांत ऊस नोंद, बेणे बदल, खोडवा व्यवस्थापन हे नेहमीचे विषय झाले की शेवटी एक वेगळाच प्रश्न पुढे येतो. मोबाईलवर कुणीतरी चित्रफीत पाहिलेली असते. परदेशात म्हणे गाडीच्या शॉकपमधून वीज तयार होते; जेवढे खड्डे जास्त तेवढी वीज जास्त. मग आपला ट्रॅक्टरवाला सभासद विचारतो, "साहेब, खड्ड्यांत तर आपला हात कुणी धरणार नाही. आपल्या ट्रॉलीला हे यंत्र बसवलं तर डिझेल वाचंल का?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. उसाची तोडणी आणि वाहतूक यांचा खर्च शेवटी आपल्या उसाच्या दरातूनच वजा होतो. म्हणजे वाहतूकदाराच्या टाकीत जळणारे डिझेल हे सभासदाच्या खिशातलेच डिझेल आहे. ते वाचवणारी वस्तू खरोखरच निघाली असेल तर ती आपल्याला माहीत हवी, आणि नसेल तर उद्या कुणी डबा घेऊन दारात आला तर त्याला काय विचारायचे तेही माहीत हवे. म्हणून या विषयाची जी माहिती वाचनात आली ती हिशेबासह येथे देत आहे.

शॉकपमध्ये होते काय?

गाडीला स्प्रिंग किंवा पाटे कशासाठी असतात हे आपण जाणतोच. चाक खड्ड्यात गेले की स्प्रिंग दबते आणि झटका सांभाळून घेते. पण नुसत्या स्प्रिंगवर गाडी चालवली तर ती एका झटक्यानंतर पाळण्यासारखी वर-खाली झुलत राहील. हे झुलणे थांबवण्याचे काम शॉक-ॲब्सॉर्बर म्हणजे आपला शॉकप करतो. त्याच्या नळीत तेल असते आणि तेलात दट्ट्या असतो. दट्ट्याला बारीक छिद्रे आणि झडपा असतात. चाक वर-खाली झाले की दट्ट्या सरकतो आणि तेलाला त्या बारीक छिद्रांतून जबरदस्तीने जावे लागते. या ओढाताणीत झटक्याची शक्ती खर्च होते आणि तेल तापते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीच्या शॉकपला हात लावून पाहा, कोमट लागेल. तो कोमटपणा म्हणजेच वाया गेलेली शक्ती.

शास्त्रज्ञांचे म्हणणे एवढेच, की ही शक्ती तेल तापवण्यात घालवण्याऐवजी तिच्याकडून जनित्र फिरवून घ्यावे. सायकलचा डायनामो चाकाला टेकवला की दिवा लागतो आणि पायडल थोडे जड जाते, हे आपण लहानपणी अनुभवले आहे. इथेही तेच आहे. डायनामोचा जो जडपणा तोच झुलणारी गाडी थोपवून धरतो आणि वर वीजही मिळते. कल्पना साधी आहे आणि शास्त्राच्या दृष्टीने निर्दोष आहे. यात फसवाफसवी काही नाही.

परदेशात काय काय झाले?

हा विचार आजचा नाही. अमेरिकेतील सेगेल आणि लू या अभ्यासकांनी १९८२ साली हिशेब मांडला होता, की एक साधी मोटार खराब रस्त्यावरून ताशी सुमारे ४८ किलोमीटर वेगाने गेली तर तिचे चार शॉकप मिळून अंदाजे २०० वॅट शक्ती उष्णतेत घालवतात. दोनशे वॅट म्हणजे घरातले तीन-चार पंखे.

ती पकडण्याचे प्रयत्न निरनिराळ्या मार्गांनी झाले. टफ्ट्स विद्यापीठातील गोल्डनर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ साली लोहचुंबक आणि तारेचे वेटोळे यांचा शॉकप मांडला. चुंबक वेटोळ्यात वर-खाली झाला की तारेत वीज येते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, म्हणजे एमआयटी, येथील विद्यार्थ्यांनी २००९ च्या सुमारास दुसरा मार्ग धरला. त्यांनी तेलाचाच शॉकप ठेवला, पण दाबाखालचे तेल छिद्रांऐवजी एका छोट्या हायड्रॉलिक मोटारीतून नेले आणि त्या मोटारीला जनित्र जोडले. सहा शॉकपच्या जड ट्रकमध्ये प्रत्येक शॉकप सरासरी एक किलोवॅटपर्यंत वीज देऊ शकेल, असे त्यांनी त्या वेळी सांगितले. स्टोनी ब्रुक विद्यापीठातील लेई झुओ यांनी दातेरी पट्टी आणि दातेरी चाक यांची जोडी वापरली. चाक वर गेले काय किंवा खाली आले काय, जनित्र एकाच दिशेने फिरावे म्हणून त्यांनी एकदिशा क्लच बसवले. सायकलच्या फ्रीव्हीलमध्ये हेच तत्त्व असते. मध्यम आकाराची मोटार ताशी ९६ किलोमीटर वेगाने चांगल्या ते साधारण रस्त्यावर धावत असता १०० ते ४०० वॅट शक्ती उपलब्ध असते, असा त्यांचा हिशेब आहे.

जर्मनीच्या ऑडी कंपनीने २०१६ साली असाच एक प्रयोग जाहीर केला. त्यात उभा शॉकप काढून टाकून चाकाची हालचाल तरफेने आणि गिअरने थेट जनित्राला दिली होती. त्यांनी दिलेले आकडे प्रामाणिक वाटतात म्हणून मुद्दाम देतो. नव्या गुळगुळीत महामार्गावर फक्त ३ वॅट, खडबडीत दुय्यम रस्त्यावर ६१३ वॅट आणि जर्मन रस्त्यांवर सरासरी १०० ते १५० वॅट. यामुळे किलोमीटरमागे कार्बन डायऑक्साइड जास्तीत जास्त ३ ग्रॅमने घटेल, असे त्यांनी म्हटले. याचे पेट्रोलमध्ये रूपांतर केले तर शंभर किलोमीटरला साधारण १३० मिलिलिटर, म्हणजे एक कप चहाएवढे पेट्रोल वाचले.

पुढे या सगळ्याचे काय झाले, हे जास्त शिकण्यासारखे आहे. एमआयटीच्या त्या विद्यार्थ्यांची कंपनी पुढे क्लिअरमोशन या नावाने ओळखली जाऊ लागली आणि तिचा भर वीज मिळवण्यावरून प्रवाशाला झटका लागू न देण्यावर गेला. लाऊडस्पीकरसाठी प्रसिद्ध असलेले एमआयटीचे प्राध्यापक अमर बोस, ज्यांचे वडील बंगालमधून अमेरिकेत गेले होते, त्यांनीही १९८० पासून विजेच्या मोटारींवर चालणाऱ्या सस्पेन्शनवर काम केले होते आणि ते २००४ साली लोकांना दाखवले. त्यात खड्ड्यात काही वीज परत मिळत असे. परंतु वजन आणि किंमत यांमुळे ते बाजारातल्या मोटारीत गेले नाही. ते तंत्र २०१७ साली क्लिअरमोशननेच विकत घेतले. ऑडीनेही २०१७ सालच्या ए-८ या महाग मोटारीत विजेच्या मोटारीने चाक उचलणारी रचना आणली, पण ती आरामासाठी, विजेसाठी नव्हे. म्हणजे हुशार माणसे आणि पुष्कळ पैसा असूनही सगळी वाट शेवटी आरामाकडेच वळली. असे का व्हावे? याचे उत्तर हिशेबात आहे.

वीज येते कोठून?

आधी एक गैरसमज काढून टाकू. पुष्कळांना वाटते, की खड्डा आपल्याला शक्ती देतो. खड्डा काहीही देत नाही. चाक खड्ड्यात उतरले की त्याला पलीकडच्या काठावर चढवावे लागते, आणि ते चढवण्याचे काम इंजिन करते. म्हणजे शॉकपमध्ये जी शक्ती येते ती टाकीतल्या डिझेलचीच असते. शॉकपमधून मिळालेली वीज ही वरकमाई नव्हे. आपल्याच पोत्यातून सांडलेले धान्य वेचून परत पोत्यात भरण्यासारखे ते आहे. वेचावे जरूर, पण सांडले किती होते आणि वेचायला मजुरी किती लागते, हे पाहिले पाहिजे.

गतिरोधकाखाली यंत्र बसवून वीज काढण्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्यांचेही तेच. तिथली वीज जाणाऱ्या-येणाऱ्याच्या टाकीतून निघते.

आता आपल्या ट्रॉलीचा हिशेब

उसाने भरलेली चारचाकी ट्रॉली एकूण १० टनांची धरू, म्हणजे एका चाकावर अडीच टन. चाक खड्ड्यातून वर येताना एवढा भार ५ सेंटिमीटर उचलावा लागला असे समजू. या एका उचलण्याला सुमारे १,२०० ज्यूल काम लागते. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. म्हणजे यातली सगळीच्या सगळी शक्ती पकडली तरी एक युनिट वीज जमायला जवळजवळ तीन हजार झटके लागतील.

एक खेप २५ किलोमीटरची आणि दर ५० मीटरला एक खड्डा असा अगदी वाईट रस्ता घेतला तर खड्डे पाचशे. प्रत्येक खड्ड्यात एका बाजूचे पुढचे आणि मागचे चाक जाणार, म्हणजे झटके हजार. त्यातली निम्मी शक्ती पकडणारे उत्तम यंत्र मिळाले असे मानले, तरी साऱ्या खेपेत पाव युनिटसुद्धा वीज हाती येत नाही. डिझेलच्या भाषेत सांगायचे तर शंभर मिलिलिटरच्या आत. आणि त्यासाठी प्रत्येक चाकाला जनित्र, वायरिंग, बॅटरी, शिवाय धूळ, चिखल आणि उसाचे पाचट यांत ते टिकवण्याची यातायात.

आता याच खड्ड्याची दुसरी बाजू पाहा. खड्डा दिसला की ड्रायव्हर ब्रेक मारतो. ट्रॅक्टर आणि भरलेली ट्रॉली मिळून १२ टन धरले, आणि ताशी २० किलोमीटरचा वेग ब्रेकने ५ वर आणला, तर सुमारे १ लाख ७० हजार ज्यूल शक्ती ब्रेकमध्ये जळाली. खड्डा ओलांडून पुन्हा २० चा वेग घ्यायचा तर तेवढीच शक्ती इंजिनाने परत द्यायची. त्या खड्ड्यात दोन चाकांच्या उचलण्याला लागले होते साधारण अडीच हजार ज्यूल. म्हणजे झटक्यात गेली त्याच्या जवळजवळ ७० पट शक्ती ब्रेक आणि पुन्हा वेग घेणे यात गेली!

एक लिटर डिझेलमधून इंजिनाच्या दांड्यावर साधारण तीन युनिट काम मिळते. बाकीची उष्णता धुरातून आणि रेडिएटरमधून निघून जाते. या हिशेबाने अशा साठ-पासष्ट खड्ड्यांना ब्रेक मारून पुन्हा वेग घेतला की एक लिटर डिझेल गेलेच समजा. हे आकडे मोजमापाचे नाहीत, कागदावरच्या अंदाजाचे आहेत. ड्रायव्हरने ब्रेक न मारता लांबूनच गाडी हळू सोडत आणली तर नुकसान कमी होईल. पण कशाला किती वजन द्यायचे, ते यावरून स्पष्ट होते.

म्हणूनच विजेच्या आणि दुहेरी इंजिनाच्या मोटारींत ब्रेकची शक्ती परत बॅटरीत भरण्याची सोय १९९७ सालच्या टोयोटा प्रियसपासून सर्वत्र रूढ झाली आणि शॉकपची मात्र झाली नाही. ब्रेकमध्ये शक्ती मोठी असते आणि एका ठिकाणी मिळते. शॉकपमध्ये ती थोडी-थोडी आणि चार ठिकाणी विखुरलेली असते.

आपल्याला हे समजायला दूर जायला नको. आपला बगॅस पाहा. गाळलेल्या उसाच्या २८ ते ३० टक्के वजनाचा बगॅस मिलच्या शेवटी एकाच पट्ट्यावर आपोआप जमा होतो आणि तो तिथल्या तिथे बॉयलरमध्ये जातो. म्हणून त्यावर वीज करणे परवडते. हाच बगॅस प्रत्येक सभासदाच्या बांधावर मूठ-मूठ पडला असता तर तो गोळा करायला कोण गेले असते? टाकाऊ वस्तूपासून कमाई होते ती ढीग एका जागी असला तरच.

आपल्या वाहनांना शॉकप आहेत कोठे?

आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. ट्रॅक्टरचा मागचा आस सरळ सांगाड्याला जोडलेला असतो, त्याला स्प्रिंगही नाही आणि शॉकपही नाही. झटका सांभाळतो तो टायर आणि ड्रायव्हरची सीट. ट्रॉलीला असलेच तर पाटे असतात, टायर बैलगाडीला तेही नसतात. ट्रकच्या पुढच्या आसाला शॉकप असतात, पण मागच्या आसाला पुष्कळ ट्रकांत केवळ पाट्यांची चळत असते. पाटे एकमेकांवर घासतात आणि त्या घासण्यातच झटका जिरतो. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? जिथे शॉकपच नाही तिथे शॉकपची वीज कसली?

मग आपल्या ट्रॉलीतला झटका जातो तरी कोठे? तो टायर तापवतो, पाटा तोडतो, बेअरिंग खातो, हुकाची पिन झिजवतो, मोळ्या सैल करतो आणि रस्त्याच्या कडेला ऊस सांडतो. राहिलेला झटका ड्रायव्हरच्या कमरेत जातो. हंगामभर रात्रंदिवस ट्रॅक्टर चालवून तिशीतच कंबर धरून बसलेली पोरे आपल्या प्रत्येक गावात आहेत. अमर बोस यांच्या कंपनीने मोटारीचे सस्पेन्शन विकले नाही, पण त्याच अभ्यासातून २०१० साली लांब पल्ल्याच्या ट्रक ड्रायव्हरसाठी झटका न लागणारी सीट बाजारात आणली. यातले मर्म आपण घ्यावे. झटक्यातून वीज काढण्यापेक्षा झटक्यापासून माणूस वाचवणे त्यांना आधी जमले.

मग करायचे काय?

अमेरिकेत २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाप्रमाणे रस्त्याचा खडबडीतपणा त्यांच्या मापाने किलोमीटरमागे एक मीटरने वाढला, तर ताशी ५६ किलोमीटर वेगाने जाणाऱ्या जड ट्रकचे इंधन सुमारे २ टक्के जास्त लागते. म्हणजे रस्ता सुधारला की प्रत्येक खेपेला बचत होते आणि तिला यंत्र लागत नाही. आपल्या हातात असलेल्या गोष्टी अशा :

(१) फडातून रस्त्यावर येण्याची वाट तोडीआधी करून ठेवावी. बांधावरचा चढ उतरता करावा, पाटाची चारी पाइप टाकून बुजवावी, ओढ्याच्या उतारावर मुरूम टाकावा. भरलेली ट्रॉली रुतली की एका तासात जे डिझेल जळते ते कोणतेही शॉकप परत देणार नाही.

(२) पाणंद रस्त्यावरचे मोठे खड्डे त्या रस्त्याच्या सभासदांनी हंगामाआधी एकत्र येऊन भरावेत. दहा जणांनी एक दिवस दिला तर पाच महिने उपयोग होतो. खड्डा भरताना पाणी काढून द्यावे, नाहीतर मुरूम आठवड्यात वाहून जातो.

(३) टायरमधील हवा दर आठवड्याला मोजावी, नुसती लाथ मारून पाहू नये. पक्क्या रस्त्यावर हवा कमी असेल तर टायर दबून तापतो आणि ट्रॉली जड जाते. हवा किती ठेवायची ते टायर बनवणाऱ्याच्या तक्त्याप्रमाणे, भार लक्षात घेऊन ठरवावे.

(४) पाटे, यू-बोल्ट, चाकांचे बेअरिंग आणि हुकाची पिन हंगामाआधी तपासून घ्यावी. ट्रकचे गळके शॉकप बदलावेत. गळका शॉकप चाकाला रस्त्यावर नाचू देतो, त्याने टायर लवकर झिजतो आणि ब्रेकही नीट लागत नाही.

(५) जादा भार भरू नये आणि मोळ्या नीट बांधाव्यात. रस्त्यावर सांडलेल्या उसाचे वजन काट्यावर मिळत नाही.

(६) ट्रॅक्टरची सीट, तिची स्प्रिंग आणि गादी दुरुस्त ठेवावी. हजार-दोन हजारांचे काम म्हणून वर्षानुवर्षे राहून जाते. ड्रायव्हरच्या कमरेचा खर्च त्याहून कितीतरी मोठा आहे.

रस्ता चांगला असला की ऊसही वेळेवर येतो. तोडलेला ऊस वाटेत राहिला की वजन घटते आणि साखर उतरते, हे आम्ही प्रत्येक सभेत सांगतो. तोडीपासून चोवीस तासांत ऊस गव्हाणीत पडावा यासाठी टोळी आणि गाळप यांच्याइतकीच वाटही महत्त्वाची आहे.

शॉकपमधून वीज काढण्याचे शास्त्र खोटे नाही. विजेवर चालणारे मोठे ट्रक, लष्करी गाड्या, रेल्वे यांत त्याचा काही उपयोग पुढेमागे होईलही, कारण तिथे वाहन जड, फिरणे सतत आणि बॅटरी गाडीतच असते. पण उद्या कुणी ट्रॉलीला बसवायचे यंत्र घेऊन आला, तर त्याला तीनच प्रश्न विचारा. माझ्या ट्रॉलीला शॉकप आहे का? किती वॅट मिळतात ते माझ्या रस्त्यावर मोजून दाखवशील का? आणि त्या विजेने माझे डिझेल किती मिलिलिटर वाचते? उत्तर सरळ मिळाले नाही तर पैसे खिशातच ठेवा.

ज्या गटातील सभासदांना पाणंद दुरुस्तीसाठी एकत्र काम करायचे असेल त्यांनी आपापल्या गट कार्यालयात नावे द्यावीत. शेतकी खात्याचे कर्मचारी फडाच्या वाटा आणि अवघड जागा पाहण्यासाठी तोडणी कार्यक्रम सुरू होण्यापूर्वी येतील. खड्ड्यातून डिझेल काढण्यापेक्षा खड्ड्यात डिझेल न जाऊ देणे स्वस्त आहे, आणि ते आपले आपल्याला करता येते.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते